सासऱ्यांची हनुवटी

"तैलचित्र मी करतो," असं जावईबापू बोलून गेले, आणि आपण काय बोललो ते त्यांना बोलून झाल्यावर कळलं.

विषय होता सासूबाईंच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाचा. मेहुण्याच्या घरी सगळे जमले होते. मेहुण्याने नुकतंच जाहीर केलं होतं की तो आईला बटणाची खुर्ची देणार आहे. एक बटण दाबलं की पाय वर, दुसरं दाबलं की पाठ मागे. सगळे "वा वा" म्हणाले. मग सगळ्यांनी जावईबापूंकडे बघितलं. बटणाच्या खुर्चीपुढे भिंतीवरचं घड्याळ न्यायचं म्हणजे नाक कापून घ्यायचं. जावईबापूंची नजर भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे गेली आणि वरचं वाक्य तोंडातून बाहेर पडलं.

"तुम्ही? तैलचित्र?" मेहुणा म्हणाला. "भाऊजी, तुम्हाला तर साधी रेघ मारायला पट्टी लागते."

"हल्ली कॉम्प्युटरवर होतं. फोटो टाकायचा, इफेक्ट निवडायचा. कोणालाही येतं," जावईबापू म्हणाले. ऑफिसातल्या टायपिस्टने आपल्या मांजराचं जलरंगातलं चित्र दाखवल्याला तेव्हा चारच दिवस झाले होते.

जावईबापू म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक. दुकानादुकानातून फिरून तराजू तपासायचे, खरे निघाले तर शिक्का मारायचा, खोटे निघाले तर जप्त करायचे. या धंद्यात तीस वर्षं घालवल्यावर माणूस घरीही तसाच होतो. त्यांच्या खिशात कायम एक व्हर्नियर असे, ती जबड्यांची बारीक मोजपट्टी, आणि सोफा घेताना, भाजी आणताना, एकदा तर लग्नाच्या वाढदिवसाची अंगठी घेताना ती बाहेर आली होती. अंगठीचा प्रसंग बायको अजून विसरलेली नाही. 'जावईबापू' हे नाव मात्र सासूबाईंचं. त्यांना जावई एकच आणि आवाज खणखणीत, त्यामुळे हळूहळू सगळी इमारत त्यांना जावईबापूच म्हणू लागली. पोस्टमनसुद्धा.

सासूबाईंनी फोटो भिंतीवरून स्वतः उतरवला. चौकटीवरून पदर फिरवला आणि जावईबापूंच्या हातात देताना जरा वेळ सोडलाच नाही.

"हा एकच आहे हो माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "पुढे जन्मभर कॅमेरा दिसला की हे पळायचे. ग्रुप फोटोतसुद्धा कोणाच्या तरी मागे."

"आई, काळजीच नको."

"आणि एक. मी रोज संध्याकाळी सातला ह्यांच्याशी दोन शब्द बोलते. आता आठ दिवस फोटो तुमच्याकडे. तर मी फोन करीन, तुम्ही फोन नुसता फोटोसमोर धरायचा. ऐकायचं नाही."

हे ऐकून मेहुणा गालात हसला, पण जावईबापू हसले नाहीत. सासरे गेल्यापासून बावीस वर्षं एखादी बाई रोज सातला फोटोशी बोलते, म्हणजे ती बोलणारच. त्यांनी मान डोलावली आणि फोटो दोन टॉवेलांत गुंडाळून घरी आणला.

घरी आल्यावर पहिलं काम मोजणीचं. फोटो लग्नाआधीचा, स्टुडिओतला. सासरे तेव्हा नुकतेच बसडेपोत ड्रायव्हर म्हणून लागले होते. केस चापून बसवलेले, मिशी बारीक, नजर करारी आणि हनुवटी अशी भक्कम की तिच्यावर घरटं बांधावं. मुलांनी मात्र वडिलांना जन्मभर दाढीतच बघितलं होतं. छातीपर्यंतची दाढी, ती शेवटपर्यंत. त्यामुळे बायकोला हा फोटो म्हणजे वडिलांचा कोणी तरणाबांड भाऊ वाटायचा. जावईबापूंनी काचेवरूनच व्हर्नियर लावलं आणि डायरीत लिहिलं: नाकाच्या शेंड्यापासून ओठापर्यंत अकरा मिलिमीटर, ओठापासून हनुवटीच्या टोकापर्यंत चौदा. नक्कल करायची तर असलचं माप हवं, हा खात्याचा नियम.

मग त्यांनी मोबाइलवर फोटो काढला. काचेत ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा आला, नेमका हनुवटीवर, आणि सासऱ्यांच्या कपाळावर जावईबापूंचं स्वतःचं टक्कल. दिवा बंद केला तर काहीच दिसेना. खिडकीपाशी नेलं तर सासऱ्यांच्या मागे समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे दिसू लागले. शेवटी काच काढायचं ठरलं. खिळे निघाले, पुठ्ठा निघाला, पण फोटो काचेला खालच्या बाजूने घट्ट चिकटलेला.

इथे थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण दार उघडं होतं आणि समोरच्या काकू दारात उभ्या होत्या.

समोरच्या काकूंकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असे आणि तो उपाय बहुतेक वेळा वाफ असे. सर्दीला वाफ, सुरकुत्यांना वाफ, उघडत नसलेल्या लिफाफ्याला वाफ. (लिफाफा कोणाचा, हे कोणी विचारत नसे.) "अहो, भांड्यावर धरा दोन मिनिटं," काकू म्हणाल्या, "आपोआप सुटतो." जावईबापूंनी दोन मिनिटं घड्याळ लावून धरला. फोटो खरंच सुटला. फक्त खालच्या भागात काही तरी ओलं, तपकिरी दिसलं म्हणून त्यांनी ते कापसाने अलगद टिपलं.

कापसाबरोबर हनुवटी आली.

अख्खी हनुवटी, ओठाखालून कॉलरपर्यंत. कपाळ जागच्या जागी, डोळे जागच्या जागी, कान, केस, कॉलरसुद्धा, आणि मधे पांढराफटक खरवडलेला कागद. जावईबापूंच्या तोंडचं पाणी पळालं. काकू म्हणाल्या, "बाकी सगळं छान निघालं हो," आणि गॅसवर काही तरी ठेवल्याचं आठवून निघून गेल्या.

बायको ऑफिसातून आली तेव्हा जावईबापू टेबलाशी बसले होते. समोर सासरे, बशीत कापूस. तिने फोटो बघितला, कापूस बघितला, आणि खुर्चीत बसली.

"आईला काय सांगणार?"

"अजून आठ दिवस आहेत."

"अहो, तिच्याकडे बाबांचं दुसरं काही नाही. घड्याळ नाही, पत्र नाही. हे एवढंच आहे."

तेवढ्यात सात वाजले आणि फोन वाजला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. जावईबापूंनी फोन हनुवटी नसलेल्या फोटोसमोर धरला आणि मान दुसरीकडे वळवली. पण कान काही वळवता येत नाहीत, आणि सासूबाईंचा आवाज तर आधीच सांगितल्याप्रमाणे खणखणीत.

"अहो, ऐकताय ना?" त्या म्हणत होत्या. "आज नवा चष्मा आला. एकदम लख्ख दिसतंय. भिंतीवर तुमची जागा रिकामी दिसते ती पण लख्ख दिसते. लवकर या."

बायकोने पदर डोळ्यांना लावला. आईला आजकाल नीट दिसत नाही, तेवढ्यावर भागून जाईल, ही तिची आशा होती, ती नव्या चष्म्याने संपवली.

दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी रजा काढली. तीस वर्षांत त्यांनी आजारपणाचीसुद्धा रजा अर्जात कारण खरं लिहून काढलेली, त्यामुळे या वेळी त्यांनी 'कौटुंबिक दुरुस्ती' असं लिहिलं. टायपिस्टने सॉफ्टवेअर घालून दिलं आणि शिकवलं. एका फोटोतला तुकडा उचलून दुसऱ्यात बसवता येतो. वरून तैलरंगाचा इफेक्ट दिला की सांधा दिसत नाही. ब्रशची जाडी, रंगाचा दाटपणा, कॅनव्हासचा खरखरीतपणा, प्रत्येकाला एक सरकती पट्टी आणि शून्य ते शंभर आकडे. आकडे बघून जावईबापूंना पहिल्यांदा धीर आला. कला म्हणजे शेवटी माप आहे, हे त्यांना आधीपासूनच वाटत होतं.

सराव म्हणून त्यांनी बायकोच्या फोटोला जलरंग दिला. तिचा चेहरा ओल्या काचेमागून बघितल्यासारखा झाला. कोळशाचा इफेक्ट दिल्यावर ती कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी दिसली. "माझ्यावर प्रयोग बंद करा," ती म्हणाली. मग त्यांनी मेहुण्याला मोझेक केलं आणि तो मात्र त्यांना पूर्वीपेक्षा बरा वाटला. ते चित्र त्यांनी सेव्ह करून ठेवलं.

आता प्रश्न होता हनुवटी कुठून आणायची. मेहुणा आईवर गेलेला, त्याची हनुवटी गोल. इंटरनेटवर शोधलं तर सगळ्या हनुवट्या दाढीचं ब्लेड विकत होत्या. तेव्हा जावईबापू आरशासमोर उभे राहिले, स्वतःच्या नाकाशी व्हर्नियर लावलं, मग ओठाशी, आणि गुणोत्तर काढलं. अकराला चौदा. बरोबर अकराला चौदा! त्यांना गहिवरूनच आलं. आपण सासऱ्यांच्या इतक्या जवळचे आहोत हे सव्वीस वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

स्वतःची हनुवटी उचलून त्यांनी सासऱ्यांना बसवली. सांधा ओठाखाली जरा दिसत होता, म्हणून तैलरंग सत्तरवर नेला. तेव्हा मिशी वाहू लागली. मिशी आवरायला खरखरीतपणा वाढवला, तर डोळे खडबडीत झाले. डोळ्यांसाठी उजेड वाढवला, तर पुन्हा सांधा दिसला. असं करत करत तीन दिवस गेले. मधे खालच्या मजल्यावरचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर येऊन बघून गेले. मास्तरांनी चाळीस वर्षं मुलांकडून घडा आणि पेरू काढून घेतले होते. ते बराच वेळ स्क्रीनसमोर उभे राहिले.

"ब्रश कुठाय?" त्यांनी विचारलं.

"मास्तर, ब्रश आतच असतो."

"रंग?"

"तोही आतच."

"मग तुम्ही बाहेर काय करताय?" असं म्हणून मास्तर गेले. हे वाक्य जावईबापूंच्या जिव्हारी लागलं.

चौथ्या दिवशी चित्र छापून आलं. चौकट सोनेरी, आकार दोन फूट बाय दीड, कोपरे काटकोनात, तपासून घेतलेले. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली, आणि चित्रासमोर उभी राहिली.

"कसं झालंय?"

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे तुम्ही आहात."

"मी कसा असेन? कपाळ त्यांचं, डोळे त्यांचे."

"असतील. पण बघताना तुम्हीच दिसता. बाबांची टोपी उसनी घातल्यासारखे." मग तिचा आवाज बदलला. "आई रोज सातला तुमच्या तोंडाशी बोलणार का आता? बाबा म्हणून?"

तीस वर्षं जावईबापूंनी लोकांचे खोटे काटे जप्त केले होते. आणि आता एक खोटा माणूस सोनेरी चौकटीत घालून ते सासूबाईंच्या भिंतीवर टांगायला निघाले होते.

डेपोची कल्पना बायकोची. नोकरीला लागताना फोटो घेतातच, तो फाइलला असेल. पाचव्या दिवशी जावईबापू डेपोच्या रेकॉर्ड रूममध्ये हजर झाले. चित्र बरोबर घेतलं होतं, ओळख पटवायला. तिथे एक बाई होत्या. त्यांच्यामागे छतापर्यंत फाइली, आणि त्या फाइलींतलं एकही पान आपल्याला न विचारता हललेलं नाही, असा चेहरा.

"अर्ज कर्मचाऱ्याने स्वतः करायचा," बाई म्हणाल्या.

"कर्मचारी वारले."

"कधी?"

"बावीस वर्षं झाली."

"मग इतके दिवस काय करत होता?"

"मी जावई आहे त्यांचा."

"जावई वारसात येत नाही. मुलगा नाहीतर मुलगी आणा. मृत्यूचा दाखला आणा. अर्ज नमुना चारमध्ये."

जावईबापूंनी शांतपणे सांगितलं की आपणही सरकारी माणूस आहोत, निरीक्षक आहोत. बाईंनी तितक्याच शांतपणे सांगितलं की मग तर तुम्हाला नियम माहीत असायला हवेत. हे नेमकं तेच वाक्य होतं, जे जावईबापू स्वतः आठवड्यातून चार वेळा दुकानदारांना ऐकवत. समोरून ऐकलं की ते कसं लागतं, हे त्यांना नव्याने कळलं.

सहाव्या दिवशी बायको बरोबर आली. दाखला होता, अर्ज होता, पण अर्जात 'कारण' असा रकाना होता आणि त्यापुढे तीनच पर्याय: न्यायालयीन, विमा, विभागीय चौकशी.

"वाढदिवस," जावईबापू म्हणाले.

"वाढदिवस यात नाही."

"चौकशी लिहा मग."

"कोणाची चौकशी? ते तर वारलेत."

तेव्हा बायको पुढे झाली. "बाई," ती म्हणाली, "आईकडे बाबांचा एकच फोटो होता. तो आमच्या हातून खराब झाला. परवा तिचा वाढदिवस आहे. तिला काय तोंड दाखवू?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. जरा वेळ बायकोकडे बघितलं. मग छापील पर्यायांखाली स्वतःच्या हाताने 'इतर' असं लिहिलं, त्यापुढे चौकोन काढला, त्यात बरोबरची खूण केली आणि शिडीवर चढल्या.

फाइल निघाली. बिल्ला नंबर बरोबर, नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर. आत पाकिटात फोटोच्या दोन प्रती. एक फाइलला ठेवून दुसरी देता येते, असं बाई म्हणाल्या. फोटोत एक तरुण मुलगा होता. केस चापून बसवलेले, डोळे मोठे, आणि ओठाखाली जवळजवळ काहीच नाही. इवलीशी हनुवटी, तीही मागे सरलेली, जणू रांगेत कोणी ढकलल्यासारखी.

जावईबापूंनी व्हर्नियर काढलं. फोटो लहान, तेव्हा आधी नाक-ओठाचं माप घेऊन प्रमाण बसवलं. हवे होते चौदा, आले नऊ. पुन्हा मोजलं. नऊच. पाच मिलिमीटरची तूट, म्हणजे पस्तीस टक्क्यांहून जास्त. त्यांच्या खात्यात एवढी घट निघाली तर काटा जागेवर जप्त होतो.

"हे आमचे सासरे नाहीत," त्यांनी निकाल दिला. "फोटोंची अदलाबदल झालीय तुमच्याकडे."

"आमच्याकडे अदलाबदल होत नाही," बाई म्हणाल्या. आतापर्यंत विरघळलेल्या बाई पुन्हा घट्ट झाल्या. "तुमच्याकडे काय पुरावा?"

जावईबापूंनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं तैलचित्र सोडून टेबलावर उभं केलं. "हे आमचे सासरे."

बाईंनी चित्राकडे बघितलं, जावईबापूंकडे बघितलं, परत चित्राकडे बघितलं. "हे तर तुम्हीच आहात," त्या म्हणाल्या. "साहेब, सरकारी कामात अशी थट्टा बरी नाही."

बायको तोवर तो छोटा फोटो खिडकीच्या उजेडात धरून बघत होती. "डोळे मला बाबांसारखे वाटतात हो."

"डोळ्यांनी मोजत नाहीत," जावईबापू म्हणाले. "असल फोटोचं माप माझ्या डायरीत आहे. परत करून टाक तो."

तिने सही केली, फोटो लिफाफ्यात घातला आणि लिफाफा पर्समध्ये टाकला. जावईबापू चित्र परत गुंडाळण्यात इतके गुंतले होते की त्यांनी ते बघितलं नाही.

सातव्या संध्याकाळी सातला शेवटचा फोन आला. मधल्या दिवसांत जावईबापूंनी बरंच ऐकलं होतं. सुनेने खीर गोड केली, मेहुण्याने खुर्ची बोळातून आणताना भिंतीचा रंग काढला, गुडघा आज बरा आहे. आज सासूबाई जरा थांबून बोलल्या.

"उद्या भेटताय ना? आणि हे बघा, चित्र कसंही झालं असलं तरी नाक मुरडू नका. माझा जावई हौशी आहे, थोडा वेंधळा आहे, पण लबाड नाही. मन लावून करतो तो माणूस. त्याला सांभाळून घ्या."

जावईबापू फोन धरून उभे होते. समोर हनुवटी नसलेले सासरे त्यांच्याकडे करारी नजरेने बघत होते. फोन बंद झाल्यावर ते बायकोला म्हणाले, "मी उद्या सगळं सांगणार. चारचौघांत. मग काय व्हायचं ते होऊ दे." बायकोने नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

वाढदिवसाच्या सकाळी मेहुण्याच्या घरी सगळे जमले. बटणाच्या खुर्चीत सासूबाईंना बसवलं होतं. कोणी तरी चुकीचं बटण दाबल्यामुळे त्यांचे पाय वर होते आणि ते खाली कसे आणायचे हे कोणाला कळत नव्हतं. त्याच स्थितीत त्यांनी चित्रावरचा कागद काढला.

सगळे पुढे वाकले.

"अरे वा, भाऊजी," मेहुणा म्हणाला, "तुमचं चित्र झकास आलंय! पण बाबांचं करणार होतात ना?"

जावईबापू पुढे झाले. घसा साफ केला आणि खात्यात पंचनामा वाचतात तसं सुरू केलं. "गेल्या गुरुवारी दुपारी अंदाजे साडेचार वाजता, काच काढताना, फोटोला वाफ देण्यात आली." इथवर आवाज नीट होता. पुढे तो फुटला. "आई, हनुवटी गेली हो. कापसाबरोबर पुसली गेली. माझ्या हातून. मग मी माझी लावली. तुमच्याकडे एकच फोटो होता आणि तो मी घालवला. मला माफ करा म्हणायला तोंड नाही."

त्यांनी खराब झालेला फोटो पुढे केला. मान खाली घातली होती, त्यामुळे त्यांना फक्त सासूबाईंचे वर उचललेले पाय दिसत होते.

"नुसती हनुवटीच गेली?" सासूबाईंनी विचारलं. "बाकी काही नाही?"

"बाकी शाबूत आहे."

मग ते पाय हलू लागले. सासूबाईंचं सगळं अंग हलत होतं. आई रडतेय असं वाटून बायको धावली. पण सासूबाई हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, चष्मा काढून हातात घेईपर्यंत हसत होत्या.

"अहो जावईबापू, जायचीच ती," त्या कशाबशा म्हणाल्या. "ती ह्यांची नव्हतीच! स्टुडिओवाल्याची होती."

"म्हणजे?"

"आमच्याकडे स्थळ म्हणून फोटो पाठवायचा होता ना. ह्यांची हनुवटी जरा, काय सांगू, नावापुरतीच. तर माझ्या सासूबाई स्टुडिओवाल्याला म्हणाल्या, मुलगा भारदस्त दिसला पाहिजे. त्याने पात्याने खरवडून काढली आणि वर ब्रशाने ही रंगवली. काय रंगवली होती! मी फोटो बघूनच हो म्हटलं."

"आणि मग?"

"मग काय, लग्न झालं. दुसऱ्या दिवशी चहा देताना मी सहज विचारलं, अहो, फोटोतली हनुवटी कुठे ठेवलीत?" सासूबाई पुन्हा हसल्या, पण आता हसणं लवकर ओसरलं. "थट्टेत विचारलं हो. वीस वर्षांची होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि दाढी वाढवायला लागले. ती शेवटपर्यंत. कॅमेऱ्यासमोर म्हणून कधी उभे राहिले नाहीत. मी किती वेळा म्हटलं, काढा ती दाढी, मी आपली गंमत केली होती. ऐकलं नाही. एका वाक्यापायी तेहतीस वर्षं मला त्यांचा चेहरा दिसला नाही."

मेहुण्याने नकळत स्वतःच्या हनुवटीवर हात ठेवला.

तेव्हा बायकोने पर्स उघडली. लिफाफा काढला आणि आईच्या हातात दिला. "डेपोत मिळाला," ती म्हणाली. "हे म्हणाले माप जुळत नाही. पण मला परत करवेना."

जावईबापूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चौदा होते स्टुडिओवाल्याचे. नऊ होते सासऱ्यांचे. ते आठ दिवस खोट्या वजनाने खरा माल तोलत बसले होते, आणि खरा माणूस हातात आला तेव्हा त्यालाच त्यांनी नापास केलं होतं.

सासूबाईंनी चष्मा लावला. छोटा फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ. अंगठा हळूच त्या इवल्याशा हनुवटीवरून फिरवला.

"आलात?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता, खणखणीतपणाचं नावही नव्हतं. "किती उशीर केलात हो. छान तर दिसताय. मी तेव्हाच सांगणार होते."

जावईबापूंचा जीव भांड्यात पडला. आठ दिवस छातीवर ठेवलेला दगड कोणी तरी उचलून बाजूला ठेवावा तसं त्यांना हलकं वाटलं, आणि ते तिथेच स्टुलावर मटकन बसले. बायकोने त्यांना पाणी आणून दिलं आणि स्वतःही अर्धा ग्लास प्यायली. मेहुण्याला तोवर बरोबर बटण सापडलं. सासूबाईंचे पाय खाली आले, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

"आई, हा फारच लहान आहे ग," मेहुणा वाकून बघत म्हणाला. "मोठा करून घ्यायला हवा. जरा उजळ करून, कडा साफ करून."

सगळ्यांनी जावईबापूंकडे बघितलं. जावईबापूंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"आहे तेवढाच राहू दे," सासूबाई म्हणाल्या आणि फोटो पदराखाली धरला.